मडक्याभोवती चालणारे पाय

"मिंग, तुझी मडकी लंगडतात का गं?"

हा प्रश्न चंपेईच्या डोक्यातून निघालेलाच नव्हता. तो तिच्या मैत्रिणीचा, थिदाचा होता. थिदाच्या आईनं नव्या मडक्यात भात शिजत टाकला की झाकणाच्या एकाच जागेतून वाफ पळायची, त्या बाजूचा भात कच्चा राहायचा, आणि तो नेमका थिदाच्या ताटलीत यायचा. दुसऱ्या मैत्रिणीनं, स्रेमोमनं त्यावर चंपेईशी पैज लावली. "तुझ्या मावशीला तोंडावर विचारून दाखव. विचारलंस तर होड्यांच्या शर्यतीपर्यंत तुझं दप्तर मी वाहीन."

गेल्या वर्षीपर्यंत चंपेईनं अशी पैज ऐकूनच पळ काढला असता. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी ती बाकाखाली पेन्सिल शोधायची. पण यंदा नववीत गेल्यावर तिला एकदा झेंड्यासमोर उभं राहून सगळ्या शाळेपुढे बोलावं लागलं, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चांगला आहे, लांबपर्यंत जातो. तेव्हापासून तो तिला आत ठेवायला जमतच नव्हतं. त्यामुळे ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं विचारलं, तेही असं की चिंचेवरचे पक्षी उडाले.

मिंग सावोन, म्हणजे सावोन मावशी, थांबली.

ती कधी थांबायची नाही. मडकं जागेवर उभं असायचं आणि मिंग फिरायची, हीच तर त्यांच्या गावाची रीत. ताडाच्या ओंडक्यावर मातीचा गोळा, एक हात आत, एक बाहेर, बोटांत ओलं फडकं, आणि मिंग मागं मागं पावलं टाकत त्याच्याभोवती निघालेली. चाक नाही, काही नाही. मिंगचे पाय हेच चाक. तिच्या आईचेही तेच होते, आणि त्या आईच्या आईचेही. ओंडक्याभोवतीची जमीन इतक्या पायांनी झिजून ताटलीसारखी खोलगट झाली होती, आणि सकाळी त्या ताटलीत धुकं साचलं की चंपेईला वाटायचं, मिंग ढगावरून चालते आहे.

"काय म्हणालीस?" मिंगनं विचारलं.

चिंचेमागून स्रेमोमचं हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. चंपेईला आता माघार घेता येत नव्हती. "मडकी. लंगडतात का? म्हणजे, काठ एका जागी खाली बसतो. थिदाला कच्चा भात मिळतो."

मिंगनं हसायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात गाडीपाशी मडक्यांमध्ये पेंढा कोंबणारे पा उठून आले. पा म्हणजे चंपेईचे वडील. मडकी दारोदार नेऊन विकायची ती त्यांनी, आणि परत आलेल्या मडक्यांवरून गिऱ्हाइकांची बोलणीही त्यांनीच खायची. त्यांनी एक वाळलेलं मडकं डोळ्यासमोर धरलं, एक डोळा मिटला, काठावरून नजर फिरवली. मग दुसरं उचललं. मग तिसरं.

"एकाच जागी," पा म्हणाले. "सगळ्यांना. सावोन, हे काय आहे?"

"अंगण तिथं उताराला लागतं ना, बोंग," मिंग म्हणाली. ती मोठ्या मेव्हण्याला बोंगच म्हणायची, थोरल्या भावाला म्हणावं तसं. "उतारावर पाय जरा..."

"पाय जरा काय?"

तोवर माक आली होती. चंपेईची आई मातीचं टोपलं डोक्यावरून उतरवत होती, ते तिनं अर्ध्यातच सोडून दिलं, आणि काही न विचारता खाली वाकून धाकट्या बहिणीनं नेसलेल्या सारोंगचा काठ वर उचलला.

चंपेईनं आजवर मिंगचे पाय पाहिलेच नव्हते. म्हणजे रोज पाहिले होते, पण चिखलानं माखलेले, चालणारे. आता ते नुसते उभे होते. घोट्याचं हाड कुठं आहे ते कळत नव्हतं, तिथं सगळं सारखंच फुगलेलं होतं. बोटांच्या मुळाशी लालसर गाठी होत्या. अंगठे आपली जागा सोडून शेजारच्या बोटांवर झुकले होते, जसे दोन पेंगुळलेले प्रवासी एकमेकांवर रेलतात. आणि रबरी चपलेचा पट्टा कात्रीनं कापून मागं दोरीनं बांधलेला होता.

माकनं घोट्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला. "आव्यातून काढलेल्या मडक्यासारखा गरम आहे! कधीपासून?"

"गेल्या भातकापणीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला फिरू दिलं असतंस?"

यावर माक रागावली. चिंचेमागून थिदा आणि स्रेमोम कधी निघून गेल्या ते चंपेईला कळलं नाही. दप्तर मात्र जाताना दोघींनी खरंच नेलं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळी उठल्यावर मिंगला तळव्यांखाली कुणी गोट्या पसरून ठेवल्यासारखं वाटायचं, आणि त्या गोट्या विरघळायला ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत यावं लागायचं. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठून, भिंतीला धरून, पायांना गुपचूप जागं करायची. दुकानातून छोट्या पिशवीत भरून मिळणाऱ्या रंगीबेरंगी गोळ्या ती घ्यायची. कुठली कशासाठी हे ना तिला माहीत होतं ना दुकानदाराला. आवा विझला की कोमट राखेत पाय पुरून बसायची. सगळ्यांना वाटायचं, बाईला मडक्यांची माया आहे. राखेनं त्या गरम सांध्यांचा दाह आणखी वाढायचा, पण गावात पाय दुखला की ऊबच देतात, दुसरं काही कुणी करत नाही.

आणि विहार. चंपेईला ते आठवून लाज वाटली. विहारात भिक्खूंसमोर बसायचं म्हणजे दोन्ही पाय एका बाजूला दुमडून मागं न्यायचे, तळवे त्यांच्याकडे होऊ द्यायचे नाहीत. मिंगचे घोटे तसे दुमडतच नव्हते. म्हणून गेलं वर्षभर ती सणाच्या दिवशी मोठ्या दालनात न जाता मागच्या स्वयंपाकघरात केळफूल चिरत बसायची, आणि बाया म्हणायच्या, सावोनला आपल्या मडक्यांचा गर्व चढलाय, भिक्खूंसमोर बसायला येत नाही. चंपेईनंही ते ऐकलं होतं. ऐकून गप्प बसली होती, कारण तेव्हा तिला आवाज सापडलेला नव्हता.

पा दुष्ट नव्हते. ते आत जाऊन पाणी पिऊन आले, मग म्हणाले, "हमरस्त्यावर आपली टपरी आहे. उद्यापासून तू तिथं बसायचं, सावोन. पाय वर करून. मडकी विकायची. इथं मी विजेचं चाक आणतो, आणि चाकावर बसायला एखादी शिकलेली मुलगी. होड्यांच्या सणानंतर."

"चाक फिरणार, आणि ती मुलगी बसणार?" मिंग म्हणाली.

"हो. सगळं जग तसंच करतं."

"मग मडक्याभोवती कोण जाणार?"

"कुणीच नाही. तेच तर चाक!"

मिंगनं अर्धवट राहिलेल्या मडक्यावर ओलं फडकं टाकलं, जसं झोपलेल्या बाळावर टाकतात, आणि ती घरात गेली. चंपेई तिच्यामागं गेली.

"मिंग, मी मुद्दाम नाही गं. पैज होती."

"कशावर?"

"दप्तरावर."

मिंगला हसू आलं. "स्वस्तात विकलंस मला. निदान उसाचा रस तरी मागायचा."

*

माक तिला जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. परत आल्यावर मिंगनं डॉक्टरीणबाईंची नक्कल करून दाखवली. बाई तरुण होती म्हणे, चष्मा नाकावरून सारखा घसरायचा, आणि तिनं प्रत्येक बोट असं दाबून पाहिलं जसं बाजारात आंबा पाहतात. आजार सांध्यांचा होता, आतून सुजणारा. म्हातारपणाचा नाही, मिंगनं चाळिशी तर नुकती ओलांडली होती. आणि फिरण्यानंही झालेला नाही.

"माझं अंगच माझ्या सांध्यांना परकं समजून भांडतं, असं म्हणाली," मिंग सांगत होती. "मी म्हटलं, बाई, मग त्यांची कुणी ओळख करून द्या की!"

"अगं, गंमत कसली करतेस," माक म्हणाली. "चंपेई, ऐक, तू शिकतेस ना, तुला कळेल. एक गोळी आहे ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिचा गुण यायला पुष्कळ दिवस लागतात. त्या पिशवीतल्या गोळ्या बंद. राख बंद. पाय सुजलेले असताना मडक्याभोवती फिरणं बंद. सूज उतरली की थोडं थोडं चालायचं, अगदी बसूनही राहायचं नाही. आणि रुंद बूट घ्यायचे, मऊ तळाचे."

"बरं होईल ना पण?"

माकनं मिंगकडे पाहिलं. मिंग म्हणाली, "हळूहळू आवरेल म्हणाली. जाईल असं नाही म्हणाली."

*

शाळा दुपारची होती, म्हणून जाताना मिंगचा डबा टपरीवर पोचवायचं काम चंपेईकडे आलं. तिला ते काम आवडायला लागलं, आणि आवडतंय म्हणून वाईटही वाटायचं.

दुपारचा तो रस्ता सगळा वितळलेला असायचा. दूरचे ताड जमिनीपासून सुटून हवेत तरंगायचे. ट्रक यायचे ते आधी पाण्यातून आल्यासारखे डुलायचे, मग एकदम खरे होऊन धुरळा उडवत निघून जायचे. टपरीत मडक्यांच्या उतरंडी, चुली, डुकराच्या आकाराचे गल्ले, आणि त्यांच्यामागं दोन खांबांना बांधलेल्या झोळीत मिंग. पाय एका पालथ्या मडक्यावर. ट्रक गेला की सगळी रिकामी मडकी आतल्या आत हुंकार भरायची, आणि तो हुंकार बराच वेळ टिकायचा, जणू जमिनीखाली कुणीतरी गुणगुणत आहे.

त्या दिवशी चंपेई पोचली तेव्हा मिंग झोपली होती. आणि तिचे पाय चालत होते.

चंपेईनं सायकल हळूच टेकवली. मिंगचे सुजलेले पाय मडक्यावरून उचलले जात होते, जरासे, बोटभर. आधी एक, मग दुसरा. टाच, मग चवडा. मागं मागं. चेहऱ्यावर जागेपणी कधी दिसत नाही असा निवांतपणा. डावा हात पोटावर अर्धवट वळलेला, आत घातल्यासारखा. उजवा झोळीच्या काठावरून सरकत होता. चंपेई डब्याची कडी हातात धरून तशीच उभी राहिली. तिला वाटलं, आता ट्रक येऊ नये. एकही येऊ नये.

ट्रक आला. मडकी हुंकारली. मिंगनं डोळे उघडले.

"मी मोठ्या तळ्यावर होते," ती म्हणाली, अजून अर्धी तिकडंच असल्यासारखी. "सगळं तळंच मडकं होतं बघ. काठ चिखलाचा, ओला, असा गोल गेलेला, पार डोंगरांपर्यंत. आणि मी त्या काठावरून चालत होते. पाय बुडत नव्हते, दुखत नव्हते. मग नदी वळली, दरवर्षी वळते तशी, पाणी उलटं निघालं. तर मीपण वळले."

"मग?"

"मग काय! जाग आली. मी जागी व्हायच्या आधी पाय जागे होतात." तिनं डबा उघडला, नाक आत घातलं. "तुझ्या माकनं मासळीचं प्राहोक जास्त घातलंय. रागावली की हात सैल सुटतो तिचा."

"मिंग, तुला इथं करमतं का गं?"

मिंगनं भाताचा घास केला, तो नीट दाबून गोल केला, आणि खाण्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली. "हे बघ, उभं काय आणि आडवं काय, मडकं विकता येतंच. पण इथं येणारा प्रत्येकजण ते बोटानं वाजवून बघतो ना, तेव्हा मला वाटतं, मला वाजवतोय. आणि मी रिकामी आहे."

चंपेई शाळेत गेली, पण तिनं काय ऐकलं ते तिला त्या दुपारी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फळ्यावर बाईंनी वर्तुळ काढलं. चंपेई त्याच्या काठावरून चालत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माक माती आणायला शेतात गेली आणि पा गाडी घेऊन पलीकडच्या गावाला गेले. चंपेईनं ओंडक्यावर मातीचा गोळा थापला. प्रेक्षक होते: थिदा आणि स्रेमोम, दोघी पडवीच्या जिन्यावर ऊस चोखत.

"आत कुठला हात?" थिदानं विचारलं.

"मला काय माहीत! जो सोयीचा तो." चंपेई डावखुरी होती. तिनं बाहेर डावा हात लावला, आत उजवा, आणि चालायला लागली.

स्रेमोमच्या घशात ऊस अडकला. "अगं ए! उलटी चालतेयस!"

"मागं मागंच चालतात."

"मागं मागं ठीक, पण कुठल्या बाजूनं? चितेभोवती फिरतात तसं! कोण मेलं?"

"तुझं दप्तर वाहण्याचं वचन मेलं," चंपेई म्हणाली, आणि त्याच क्षणी मडकं एका बाजूला वाकलं, जरा विचार केल्यासारखं थांबलं, आणि बसलं. दोघी इतक्या हसल्या की जिना हलला.

तिनं गोळा पुन्हा उभा केला. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा उजव्या बाजूनं चालून पाहिलं, सगळा गाव चालतो तसं, तर तिचेच पाय एकमेकांत अडकले. हसू थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की मैत्रिणी तिच्या मागं बघताहेत.

मिंग दारात उभी होती. टपरीवर जायला निघालेली, पायांत नवे रुंद बूट, ते बदकाच्या पायांसारखे दिसायचे. आता ओरडणार, चंपेईला वाटलं. चितेच्या बाजूनं मडकं वळणं म्हणजे काय खेळ आहे? पण मिंग मडक्याकडे बघतच नव्हती. ती चंपेईच्या पायांकडे बघत होती, आणि तसं बघत बघत, कठड्याला धरून, एकेक पायरी सावकाश उतरून ती ओंडक्याजवळच्या चटईवर बसली.

"चाल," ती म्हणाली.

"कुठल्या बाजूनं?"

"तुझ्या."

"मिंग, ते अशुभ ना?" थिदा म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात नदी वळेल. सगळा देश होड्या घेऊन नाचायला जाईल. ती उलटी वाहते म्हणून कुणी तिला अशुभ म्हणतं का? चाल गं तू. आणि पायांकडे बघू नकोस. डोंगराकडे बघ."

अंगणामागं तो ठेंगणा डोंगर होता, ज्याच्या पायथ्याच्या शेतांतली माती सगळा गाव घडवतो. चंपेईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिलं पाऊल मागं टाकलं. डोंगर सरकला. मग चिंच सरकली, मग घर, जिन्यावरच्या दोघी, मग पुन्हा डोंगर. हळूहळू तिला कळेना की कोण फिरतंय. मडकं तेवढं जागेवर होतं, आणि सगळं जग त्याच्याभोवती ओल्या मातीसारखं वळत होतं, आणि तिच्या बोटांतून काहीतरी वर येत होतं, उंच होत होतं, तिनं काही न करता. पायांखालची जमीन गार होती. कितीतरी पायांनी झिजलेली ती ताटली तिची पावलं आपणहून धरत होती. उताराची जागा आली. पायानं ती ओळखली. इथंच, तिला वाटलं, मिंगचा घोटा दर फेरीला ओरडायचा, आणि हात त्याचं ऐकायचे.

"थांबू नकोस," मिंगचा आवाज आला, कुठूनतरी दुरून, टपरीवरून, तळ्यावरून. "उतारावर श्वास सोड."

ती थांबली तेव्हा ओंडक्यावर एक मडकं उभं होतं. वाकडं होतं. पण उभं होतं.

"हे तर सगळीकडून लंगडतंय," स्रेमोम म्हणाली, पण हळू आवाजात.

"द्या इकडे, जरा सुकलं की," मिंग म्हणाली. "थापी आण गं माझी."

घडणीत खरं काम पुढंच असतं. मडकं उन्हात थोडं आवळलं की आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकत जायचं, म्हणजे भिंत पातळ होते, पोट गोल होतं. तेही गावातल्या बाया उभ्यानं, फिरतच करतात. मिंगनं चौकड्यांच्या पंचाची, क्रामाची चुंबळ मांडीवर ठेवली, तिच्यावर मडकं, आणि बसल्या बसल्या मडकंच फिरवायला लागली. टप, टप, टप. मिंगच्या थापीचा तो आवाज अंगणात कित्येक दिवसांनी आला होता. कोंबड्यासुद्धा थांबून ऐकत होत्या. सुजलेले पाय चटईवर सरळ पसरलेले, काहीही न करता, आणि तिचे हात धावत होते.

"पण मिंग," चंपेई म्हणाली, "दोघींनी केलेलं मडकं आव्यात फुटतं ना?"

हेही गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मडकं सुरू करणारीनंच ते संपवायचं, नाहीतर आगीत ते दोन मनांचं होऊन तडकतं.

मिंगनं थापी थांबवली नाही. "फुटलं तर कळेलच."

*

ही गोष्ट चार भिंतींत राहणं शक्य नव्हतं, कारण पहिलं तर अंगणाला भिंतीच नव्हत्या, आणि दुसरं म्हणजे स्रेमोम होती. माक शेतातून आली ती सगळं ऐकूनच आली. ऊन चढेपर्यंत दोघींनी केलेल्या, वाळत ठेवलेल्या मडक्यांच्या रांगेसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चितेच्या बाजूनं वळलेली," ती म्हणाली. "दोघींची. एक तर लंगडी, दुसरी डावखुरी. माझी बहीण आणि माझी पोरगी."

"सगळी वाईट कामं एकदाच उरकली," मिंग म्हणाली.

"आव्यात ठेवायची नाहीत ही."

"नको ठेवूस."

सगळी नीट वाळल्यावर माकनं बाकीची मडकी रचली, तिची स्वतःची, नेहमीची. पेंढा, ताडाची वाळलेली पानं, लाकडं. सगळं रचून झालं तरी ती तिथंच घोटाळत राहिली. मग कुणाकडे न बघता तिनं ती रांग उचलून आणली आणि कडेला, जिथं आच मऊ असते, तिथं पेंढ्यात खोचली. चंपेई पडवीतून बघत होती. मिंगनं तिच्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे बोलू नकोस. चंपेईच्या आयुष्यात न बोलणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आवा पेटला. धूर सरळ वर गेला आणि ताडांच्या शेंड्यांपाशी पसरून थांबला, आणि गाव त्या धुराच्या छताखाली निळं निळं झालं. आतून मडकी बोलत होती, बारीक, काचेच्या बांगड्यांसारखी. प्रत्येक आवाजाला चंपेईला वाटायचं, गेलं.

सकाळी पांनी काठीनं राख सारली आणि एकेक मडकं बाहेर काढलं. प्रत्येकाला बोटानं वाजवलं. चांगलं वाजलं की डावीकडे ठेवलं. एक उचललं, त्याच्या पोटावर वरपासून खालपर्यंत तडा गेलेला होता.

सगळे पुढं झुकले.

"हे कुणाचं?"

माकनं ते ओळखलं. आपलं काम कोण ओळखत नाही? "माझं," ती म्हणाली.

मग मिंगनं खोकल्यासारखं केलं, आणि तो खोकला नव्हता, आणि माकनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग दोघी बहिणी राखेशेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पा मात्र हसले नाहीत. त्यांनी कडेची ती मडकी ओळीनं ठेवली, प्रत्येकावर झाकण ठेवून बोटानं दाबून पाहिलं. झाकणं डुगडुगली, जराशी, पण ठरावीक एका जागी नाही. आणि पोटं गोल होती, पातळ, मिंगच्या हातची. ती वाजवल्यावर जो नाद निघाला तो पांनी दोनदा वाजवून ऐकला.

"विकली जातील," ते म्हणाले, जणू कुणी त्यांच्याकडून ते वदवून घेतलं. "काठ मात्र सुधारायला हवा. पण असं रोज कोण करणार? चंपेईची नववीची परीक्षा आहे. ही दोन दिवसांची मजा आहे, सावोन. चाकवाल्याशी माझं बोलणं झालंय."

मिंगनं आपल्या बदकासारख्या बुटांकडे पाहिलं आणि टपरीच्या किल्लीसाठी हात पुढं केला.

चंपेईनं ती किल्ली पाहिली. खुंटीवरून काढून पा ती देत होते, मिंगचा हात तिच्याखाली उघडा होता, आणि त्या हाताच्या रेषांत मडक्यांची माती अजून वाळलेली होती. तिला तळ्याचा तो ओला काठ आठवला, डोंगरांपर्यंत गेलेला, आणि त्यावरून न दुखता चालणारे पाय. ते पाय आता कुणाचे आहेत हे तिला कळलं होतं. या वेळी पैज कुणी लावली नव्हती, आणि चिंचेमागंही कुणी नव्हतं.

तिनं हात घालून किल्ली मधल्यामध्ये उचलली.

"पा, माक, दोघं ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अंगण ओलांडून पार डोंगरापर्यंत गेला. "शाळा दुपारची आहे, सकाळ माझी आहे. अभ्यास मी संध्याकाळी करीन, आणि नापास झाले तर हवं ते बोला. चाकवाल्याला नाही म्हणून सांगा. टपरीत बसायला दुसरं कुणी बघा. उद्यापासून रोज सकाळी मिंगच्या मडक्यांभोवती मी चालणार आहे, आणि माझ्याच बाजूनं चालणार आहे."